इंग्रजी परीक्षेतील आलेख-वर्णन : ठाणे जिल्ह्याच्या जनगणनेच्या आधारे एक विवेचन

आलेख, तक्ता अथवा वर्तुळाकृती पाहून तिच्यातील माहिती परिच्छेदरूपाने मांडणे हा इंग्रजीच्या परीक्षांतील परिचित प्रश्नप्रकार होय. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेत तो माहितीचे रूपांतर या स्वरूपात येतो. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या परीक्षेच्या अकॅडेमिक विभागात लेखनाचा पहिला प्रश्न याच स्वरूपाचा असतो. त्यासाठी किमान १५० शब्द अपेक्षित असून सुमारे २० मिनिटे द्यावीत असे सुचविलेले असते. वाशिंद, शहापूर, मुरबाड या परिसरातून मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी येथे अडखळला की त्याचे खापर सामान्यतः तोकड्या शब्दसंग्रहावर फोडले जाते. हे निदान अपुरे आहे. पुष्कळदा चूक वाक्य लिहिण्यापूर्वीच, आकृती वाचताना, झालेली असते.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जिल्ह्याचेच उदाहरण घेता येईल. जनगणनेनुसार ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये ५२,४९,१२६, २००१ मध्ये ८१,३१,८४९ आणि २०११ मध्ये १,१०,६०,१४८ होती. दशवार्षिक वाढीचा दर १९९१-२००१ या दशकात ५४.९२ टक्के, तर २००१-२०११ मध्ये ३६.०१ टक्के होता. या दोन दरांचा स्तंभालेख काढल्यास दुसरा स्तंभ ठळकपणे आखूड दिसतो आणि ‘लोकसंख्या कमी झाली’ असे वाक्य सहज लिहिले जाते. वस्तुतः पहिल्या दशकात २८,८२,७२३ माणसे वाढली, दुसऱ्यात २९,२८,२९९. म्हणजे दर उतरला असताना प्रत्यक्ष भर किंचित अधिकच पडली, कारण दर ज्या पायावर मोजला जातो तो पायाच मोठा झाला होता. हे ज्याच्या ध्यानात आले नाही त्याचे इंग्रजी कितीही निर्दोष असले तरी उत्तर चुकलेलेच राहते. म्हणून उभ्या अक्षावर नेमके काय मोजले आहे, संख्या की दर, हे आधी वाचणे अगत्याचे ठरते.

यानंतर भाषेचा प्रश्न येतो. ‘२९ लाखांनी वाढली’ आणि ‘१ कोटी १० लाखांपर्यंत वाढली’ यांतील भेद मराठी विद्यार्थी बोलताना कधीच चुकवीत नाही. ‘नी’ हा प्रत्यय फरक सांगतो, ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय पोहोचलेली पातळी. इंग्रजीत हेच काम अनुक्रमे ‘बाय’ आणि ‘टू’ करतात. तरीही शब्दयोगी अव्ययांची यादी पाठ करून घेण्यावर वर्गात जेवढा वेळ जातो, तेवढा या मराठी जाणिवेचा उपयोग करून घेण्यात जात नाही. टक्केवारीतील फरकही असाच जपावा लागतो. ५४.९२ वरून ३६.०१ वर आलेला दर १८.९१ टक्केबिंदूंनी घटला. ‘सुमारे १९ टक्क्यांनी घटला’ असे म्हणणे चूक, कारण मूळ दराच्या तुलनेत ही घट सुमारे ३४ टक्के भरते.

मराठीतील ‘वाढली होती’ हे रूप मात्र दिशाभूल करते. आपण ते साध्या भूतकाळासाठीही सैलपणे वापरतो, आणि त्यातूनच प्रत्येक वाक्यात ‘हॅड इन्क्रीज्ड’ उमटते. गतवर्षांच्या आलेखाला बहुधा साधा भूतकाळ पुरतो. एककांचे रूपांतर हा तर धोक्याचाच भाग होय. ८१.३ लाख म्हणजे ८.१३ मिलियन. ‘८१ मिलियन’ लिहिणारा विद्यार्थी एका शब्दात जिल्हा दसपट करून टाकतो.

आकृतीतील प्रत्येक आकडा उतरवून काढणे हे वर्णन नव्हे. मुख्य वैशिष्ट्यांची निवड आणि आवश्यक तेथे तुलना, एवढीच या प्रश्नाची मागणी असते. कोणती आकृती कशासाठी, याची जाण येथे उपयोगी पडते. विल्यम प्लेफेअर याने १७८६ च्या आपल्या ग्रंथात काळानुसार बदलणाऱ्या व्यापारासाठी रेषा वापरल्या. स्कॉटलंडविषयी मात्र त्याच्याजवळ एकाच वर्षाचे आकडे असल्याने त्याने स्तंभ काढले. रेषा दिसली की चढउतार सांगावा, स्तंभ दिसले की लहानमोठेपणा, हा ढोबळ संकेत त्यातूनही काढता येतो.

कारणमीमांसा हा आणखी एक मोह. लोकसंख्यावाढीचे चित्र पाहताच विद्यार्थी स्थलांतर, उपनगरी रेल्वे, कारखाने यांविषयी लिहू लागतो. भूगोलाच्या वा अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत ते स्वागतार्ह असेल. आयईएलटीएसमध्ये मात्र आकृतीबाहेरचे कारण अप्रस्तुत ठरते. एकच आलेख दोन विषयांत दोन प्रकारे वाचावा लागतो, ही गोष्ट त्याला कोणीतरी स्पष्टपणे सांगावयास हवी. हे काम एकट्या इंग्रजीच्या प्राध्यापकाचे नाही. भूगोलाच्या तासाला काढलेलाच आलेख इंग्रजीच्या तासाला लिहावयास दिला, तर दोन्ही तासांचे श्रम वाचतात.

असे स्थानिक आलेख तयार करताना अध्यापकांनी एक दक्षता घ्यावयास हवी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरच्या ठाणे जिल्ह्याचे आकडे जुन्याच रेषेला पुढे जोडल्यास रेषा एकाएकी खाली आलेली दिसेल आणि विद्यार्थी ती प्रामाणिकपणे घट म्हणून नोंदवील. जिल्ह्याची सीमा बदलल्याचे आकृतीखाली नमूद केलेले नसेल, तर त्या उत्तराचे गुण कापता येणार नाहीत.