देवयानीशेजारचा निळा पट्टा

आकाशाचे संशोधन म्हणजे मोठ्या वेधशाळांची मक्तेदारी, असा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. पदवी नाही, कोट्यवधींची दुर्बीण नाही, मग तुम्ही वर बघून काय शोधणार, असा प्रश्न हौशी माणसाला हमखास विचारला जातो. या प्रश्नाला यान सँती, झेवियर स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या युरोपातल्या तीन हौशी निरीक्षकांनी २०२२ साली उत्तर दिले.

देवयानी दीर्घिका, म्हणजे एम-३१, आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. दिवाळीच्या सुमारास, दिव्यांचा झगमगाट नसलेल्या गावातून ती नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तिचे असंख्य फोटो यापूर्वी निघाले होते. सँती यांनी मात्र जेमतेम चार इंची दुर्बिणीने फ्रान्समधून २२ रात्री, शंभरावर तास तिचा प्रकाश टिपला. त्यातले बरेच तास फक्त ऑक्सिजन वायूचा निळसर-हिरवा प्रकाश आत सोडणारी गाळणी लावलेली होती. सारे फोटो एकत्र केल्यावर देवयानीशेजारी एक लांबलचक निळा पट्टा दिसू लागला. आकाशात तीन पूर्णचंद्र ओळीने ठेवावेत एवढी त्याची लांबी! तोवर तो कोणाच्याही नजरेस आला नव्हता.

हे घडते कसे? एकाच फोटोत अंधूक प्रकाश आणि कॅमेऱ्याची खरखर वेगळी ओळखता येत नाही. शंभर फोटोंची सरासरी काढली की खरखर दहापट कमी होते, खरा प्रकाश मात्र तेवढाच राहतो. दुर्बिणीचे तोंड झाकून घेतलेले फोटो कॅमेऱ्याचा दोष वजा करतात. एकसारख्या उजेडात घेतलेले फोटो धुळीचे डाग आणि कडेचा काळोख काढतात. शेवटी संगणकावर अंधूक भाग उजळायचा. यात बाहेरचे काही घातलेले नसते.

परंतु त्याच संगणकावर नसलेले रंगवताही येते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता कल्पनेनेच बारकावे भरू शकते. मग विश्वास कशावर ठेवायचा?

या तिघांनी पहिला संशय स्वतःवरच घेतला. हा भिंगातला परावर्तित उजेड तर नाही ना? म्हणून वेगळ्या दुर्बिणी, वेगळे कॅमेरे, वेगळी माणसे यांच्याकडून तपासणी झाली. पट्टा सगळीकडे दिसला. जानेवारी २०२३ मध्ये रॉबर्ट फेसेन या व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञासोबत त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हा वायू खरोखर देवयानीजवळचा की आपल्याच आकाशगंगेतला, यावर पुढे वाद झाला. व्हायलाच हवा. पट्टा आहे, हे मात्र नाकारता येत नाही.

तेव्हा तुमच्या वस्तीतल्या एखाद्या मुलाने दीर्घिकेचा फोटो दाखवला, तर त्याची पदवी विचारू नका. मूळ फोटो जपून ठेवलेत का, किती तास घेतलेस, संगणकावर काय काय केलेस, एवढे विचारा. त्याने सगळे उघड मांडले, तर त्याचा शब्द वेधशाळेच्या शब्दाइतकाच गंभीरपणे तपासला गेला पाहिजे.