अंगणातील चटई : आधार व्हावी, अडथळा नव्हे

पावसाळ्यात गोदाघाटाच्या पायऱ्या उतरताना नाशिककर आपोआप सावध होतो. घरच्या अंगणात मात्र ही सावधगिरी राहत नाही. वास्तविक शेवाळ धरलेली शहाबादी फरशी तितकीच निसरडी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, पडून मृत्यू पावणाऱ्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. म्हणूनच तुळशीवृंदावनापर्यंतची वाट आपण एकदा नीट पारखून घ्यावी.

फरशी निसरडी झाली की तीवर चटई टाकण्याचा मोह होतो. परंतु ओल्या फरशीवरील सुटी चटई पावलासह सरकते. त्यामुळे आधी खराट्याने शेवाळ घासून काढावे, वाटेवर ऊन पडेल अशा बेताने फांद्या छाटाव्यात आणि पाणी साचू देऊ नये. नवी वाट करायची असल्यास गुळगुळीत फरशीऐवजी टाकी लावलेला खडबडीत दगड किंवा घट्ट चोपलेला मुरूम निवडावा. सोबत चालणाऱ्यालाही जागा मिळावी, म्हणून वाट चार फूट रुंद असलेली बरी.

चटईची खरी जागा म्हणजे ओसरी किंवा छपराखालील बैठक. नारळाच्या सोडणापासून निघणारा काथ्या ओल बराच काळ सोसतो. गोणपाट स्वस्त खरे, पण सतत भिजल्यास लवकर कुजते. प्लॅस्टिकची चटई कुजत नाही. मात्र उन्हाने ती ठिसूळ होते आणि तिचे तुकडे मातीत मिसळतात. कोणतीही चटई पातळ, सपाट आणि कडा न वळलेली असावी. तिच्या चारही कडा पक्क्या बसवाव्यात. काठी किंवा वॉकर अडकतो तो बहुधा कडेलाच. चटईचा रंग फरशीहून वेगळा असल्यास मंद दृष्टीलाही ती ओळखू येते.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असल्यास अनवाणी चालू नये. काथ्याचे राठ तंतू त्वचेला ओरखडे काढतात आणि चैत्र-वैशाखात तापलेल्या दगडाचा चटका वेळीच जाणवत नाही. मागून पट्टा असलेली, रबरी तळव्याची चप्पल वापरावी. चटईखाली विंचू किंवा गोम दडून बसण्याचा संभव असतो. ती हाताने न उचलता आधी काठीने उलटावी. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी सर्व चटया झटकून, उन्हात वाळवून घरात ठेवाव्यात.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ‘पडाल, बाहेर जाऊ नका,’ असे सांगणे सोपे असते. पण चालणे थांबले की पायांतील बळही ओसरू लागते. त्यापेक्षा सकाळी आजींच्या बरोबरीने त्या वाटेवरून एकदा सावकाश चाला. त्यांचे पाऊल जिथे अडखळेल, तिथे दुरुस्तीला आरंभ करा. मग मोगऱ्याला पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडेच राहू द्या.