थेंबाला चालवणारी वीज

मे महिन्यात नांदेडला फाइव्ह-सीबी नावाच्या रसायनाची बाटली बिनपंख्याच्या खोलीत राहिली, तर आतला दुधाळ द्रव पाण्यासारखा नितळ होतो. 35 अंशांपलीकडे त्याचे रेणू शिस्त मोडतात आणि द्रवस्फटिकाचा साधा द्रव होतो. लातूर उंचावर असल्यानं थोडं थंड, तरी एप्रिल-मेत ही मर्यादा तिथंही सहज ओलांडली जाते. हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला फाइव्ह-सीबीच्या रसायनांचं हे कुटुंब तयार केलं आणि घड्याळांचे सपाट पडदे शक्य झाले. आपल्या उन्हाळ्यात पडदे टिकतात, कारण त्यांत एकच रसायन नसून निवडून केलेलं मिश्रण असतं.

द्रवस्फटिकाची ओळख 1888 सालची. प्रागमध्ये फ्रीडरिश रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळताना दिसलं : 145 अंशांच्या सुमारास गढूळ, 178 च्या सुमारास स्वच्छ. त्या गढूळपणातच सगळं मर्म आहे. ट्रॉलीत भरलेल्या उसाप्रमाणे लांबट रेणू एका दिशेनं पडलेले असतात, मात्र पुढेमागे सरकायला मोकळे.

आता असा एक थेंब काचेवर ठेवा. खाली काचेत केसाहून बारीक धातूच्या पट्ट्या, एकाआड एक विरुद्ध टोकांना जोडलेल्या. वीज दिली की विद्युत क्षेत्र पट्ट्यांलगत तीव्र असतं आणि वर जाताना झपाट्यानं विरतं. थेंबावर एकूण विद्युतभार नसेल तर सगळीकडे सारखं असलेलं क्षेत्र त्याला जागचं हलवत नाही; ओढ लागते ती क्षेत्राच्या चढ-उतारामुळे. हवेपेक्षा अधिक ध्रुवित होणारा द्रव तीव्र क्षेत्राकडे खेचला जातो, म्हणून थेंब पट्ट्यांवर पसरतो. एकाच बाजूच्या पट्ट्या चालू केल्या तर तिकडे सरकतो. ही ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यानं प्रत्यावर्ती वीजही चालते. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात ग्लेन मॅकहेल आणि कार्ल ब्राउन यांनी 2009 नंतर हे तत्त्व नीट मांडलं.

साध्या तेलापेक्षा द्रवस्फटिकाचा थेंब वेगळा वागतो. फाइव्ह-सीबीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे क्षेत्रात तो किती ध्रुवित होतो याचं माप, रेणूच्या लांबीच्या दिशेनं सुमारे 18, आडव्या दिशेनं सहा-सात. क्षेत्र आलं की रेणू वळतात आणि ओढ वाढते. शिवाय रेणूंच्या लांबीच्या दिशेनं वाहणं सोपं, आडवं वाहणं जड. म्हणजे वीज थेंबाला ढकलतेच, पण त्याचं आतलं घर्षणही बदलते. मला या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते.

खरी खळबळ अलीकडची आहे. एका द्रवात रेणूंचे सगळे द्विध्रुव, म्हणजे धन-ऋण टोकांच्या जोड्या, आपोआप एकाच बाजूला तोंड करतील, ही कल्पना माक्स बोर्न यांनी 1916 मध्ये मांडली होती. 2017 मध्ये यॉर्क आणि जपानमध्ये तसे रेणू पुढे आले. 2020 मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या नोएल क्लार्क यांच्या गटानं त्यांचं हे फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे आपोआप एकाच बाजूला ध्रुवित, रूप सिद्ध केलं. 2022 मध्ये इटलीतल्या अंकोनाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत त्यांतल्या आरएम-734 चे थेंब लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर ठेवले. तापमान बदललं की या स्फटिकाच्या पृष्ठभागावर भार उमटतो. थेंब थंड होत सुमारे 133 अंशांखाली फेरोइलेक्ट्रिक अवस्थेत गेले, आणि त्यांतून बारीक धारा बाहेर फुटल्या. तारा नाहीत, बॅटरी नाही.

या विषयाशी मराठवाड्याचा धागा मोजमापातून जुळतो. 1994 मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, विष्णुपुरीच्या परिसरात, द्रवांच्या डायइलेक्ट्रिक गुणधर्मांवर अनेक वर्षं संशोधन चालू आहे. पद्धत अशी : केबलमधून अतिशय जलद विद्युत स्पंद सोडायचा, टोकाशी द्रव ठेवायचा आणि परतलेल्या स्पंदाच्या बदललेल्या आकारावरून रेणू किती वेळात वळतात ते काढायचं. पाण्यासाठी हा काळ सेकंदाच्या एक अब्जांशाच्याही शंभराव्या भागाइतका छोटा भरतो.

थेंबांच्या प्रश्नाला असंच काटेकोर मोजमाप हवं. फेरोइलेक्ट्रिक द्रवांचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक दहा हजारांवर मोजला गेला, तेव्हा वाद उभा राहिला : हा आकडा द्रवाचा, की इलेक्ट्रोडलगतच्या पातळ विद्युतरोधक थराचा? क्लार्क यांच्या गटाच्या मते त्यात त्या थराचाच वाटा मोठा आहे. थेंबावरच्या बलाचा हिशोब याच आकड्यावर उभा आहे, त्यामुळे द्रव ज्या पातळ मापन-पेशीत भरतात तिची जाडी बदलून मोजमाप पुन्हा करणं हे आज पहिलं काम.