डोकेदुखी ड्रायव्हरची, दोष केबिनचा

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण ड्रायव्हर दवाखान्यात आला. राइस मिलमधून तांदळाची पोती पिकअपमध्ये भरायची आणि देवरीकडे न्यायची, हे त्याचे रोजचे काम. दुपार झाली की डोके ठणकायचे, मळमळायचे, डोळे चुरचुरायचे आणि गाडी चालवताना झापड यायची. पित्त समजून तो महिनाभर दुकानातून गोळ्या घेऊन खात होता. तपासले तर ताप नाही, रक्तदाब ठीक. विचारले, "सुट्टीच्या दिवशी दुखते का?" म्हणाला, "नाही डॉक्टरसाहेब, घरी राहिलो की काहीच नाही."

गाडी बाहेरच उभी होती. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो आणि इंजिन सुरू करायला सांगितले. इंजिन सीटखालीच. पाच मिनिटांत पायाखालचा पत्रा तापला. समोरच्या जाळीतून हवा आली, तीही गरम. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटलेले, तिथून धुराचा वास येत होता. रोगाचे निदान तिथेच झाले.

बाहेर पारा ४४ अंशांवर असतो तेव्हा शरीर थंड ठेवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम सुकणे. कोंदट केबिनमध्ये घाम नुसता निथळतो, सुकत नाही. पाणी आणि मीठ मात्र निघून जाते. त्यातून डोकेदुखी, पेटके, चक्कर येते. अंग खूप तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा रुग्णाला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात न्यावे.

दुसरा शत्रू धूर. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्रही इथे फसते, आकडा चांगलाच दाखवते. गाडीत दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर लगेच थांबून मोकळ्या हवेत उतरावे.

आपल्याकडे लग्नाचे वऱ्हाड आणि रोवणीच्या बाया पिकअपच्या मागे ताडपत्रीखाली बसून जातात. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिकडे ओढला जातो. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील डॉक्टरांनी १९९२ साली पिकअपच्या मागे बसून विषबाधा झालेल्या २० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील तिघे ताडपत्रीखाली होते. एक मूल दगावले. त्या गाड्यांचे सायलेन्सर गळके होते किंवा त्यांचे तोंड मागच्या बाजूला होते. मालाच्या गाडीत माणसे बसवूच नयेत, बंद ताडपत्रीखाली तर मुळीच नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरील मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. आपल्या भागातील बहुतेक पिकअप त्या वजनाच्या आत येतात. त्यामुळे त्यांच्या ड्रायव्हरने आणि मालकाने स्वतःच काळजी घ्यावी.

दर महिन्याला मिस्त्रीकडून सायलेन्सरचे सांधे, गिअरभोवतीचे रबर आणि जमिनीच्या पत्र्याची भोके तपासून घ्यावीत. धूळ टाळण्यासाठी काचा सतत बंद ठेवू नयेत. केबिनची मागची काच मात्र उघडी ठेवू नये. इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नये. तासाभराने सावलीत थांबावे, पाणी, ताक किंवा कैरीचे पन्हे प्यावे. झापड आली तर चहावर भागवू नये, गाडी बाजूला घ्यावी.

आमच्या ड्रायव्हरला मी औषध दिलेच नाही, मिस्त्रीकडे पाठवले. सायलेन्सरचा सांधा गळका निघाला. तो बदलला, नवे रबर बसवले, इंजिनवर उष्णता अडवणारा जाड थर टाकला. आठवड्याने तो सांगायला आला, डोकेदुखी थांबली होती. मालकाने खर्चाला कुरकुर केली म्हणे. पण झापड आलेला ड्रायव्हर पोत्यांसकट गाडी नाल्यात घालतो, तेव्हा येणारा खर्च मालकांनी एकदा मांडून पाहावा.