हुकूम कोणता, आठवते ना?

काही महिन्यांपूर्वी पिपरी मेघे येथील माझ्या दवाखान्यात सत्तरीतील एक निवृत्त शिक्षक पत्नीसह आले. रक्तदाब, साखर आटोक्यात होती. निघताना काकू म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे हल्ली पत्ते खेळताना हुकूम कोणता ते विसरतात आणि भिडूवरच रागावतात." ही तक्रार मला तपासणीच्या कागदांहून महत्त्वाची वाटली.

गुरुजींचा आवडता डाव 'तीनशे चार'. तो चौघांचा, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. मेंढीकोट येणाऱ्यास तो सहज जमेल.

जोडातून सत्ती ते एक्का अशी ३२ पाने घ्यावीत. गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३ आणि राणीचे २ गुण. अठ्ठी व सत्तीला काही नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या प्रत्येक रंगाचे ७६, म्हणून एकूण ३०४. पानांची थोरवीही याच क्रमाने. येथे गुलाम एक्क्याला मारतो.

प्रथम प्रत्येकास चार पाने वाटावीत. ती पाहून, वाटणाऱ्याच्या उजवीकडून बोली सुरू होते. बोली म्हणजे 'आम्ही दोघे मिळून इतके गुण करू' हे वचन. सुरुवात १६० पासून, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक, धरावी. पुढच्याने ती वाढवावी किंवा 'पास' म्हणावे. एकाच रंगाचे गुलाम, नव्वी आणि एक्का हाती असतील तर ६१ गुणांची पाने आपलीच; उरलेल्यांसाठी भिडूवर भिस्त ठेवून बोली लावण्यास हरकत नाही. सर्वांत मोठी बोली ज्याची, तो हुकमाचा रंग ठरवतो. मग उरलेली चार-चार पाने वाटतात. जाणते खेळाडू हुकमाचे पान उपडे ठेवतात. नवशिक्यांनी हुकूम उघड सांगावा. उतरलेल्या रंगाचे पान हाती असल्यास तेच टाकावे लागते. नसल्यास हुकमाने कापावे किंवा दुसरे पान टाकावे. आठ हात झाले की गुण मोजावेत. बोली पुरी झाली तर ती लावणारी जोडी जिंकली, नाही तर प्रतिपक्ष. हिशेबाला चिंचोके पुरेत. पैसे लावू नयेत.

या डावात गेलेली पाने स्मरणात ठेवणे, बेरीज करणे, भिडूचे मन ओळखणे ही सारी कामे एकाच वेळी चालतात. अमेरिकेत ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पत्ते हे औषध आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. पण वय आडवे येत नाही, हे निश्चित. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज या बोलीच्याच खेळात भारताला सुवर्णपदक देणाऱ्या जोडीतील प्रणव बर्धन साठ वर्षांचे होते.

घरच्यांनी मात्र एक भान ठेवावे. एखादे पान चुकणे हा आजार नव्हे. परंतु मुरलेला खेळाडू वारंवार हुकूम विसरू लागला, गुणांची बेरीज चुकू लागली किंवा खेळायलाच टाळू लागला, तर 'म्हातारपण' म्हणून सोडून देऊ नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या गोळ्या ही उपाय असलेली कारणे आधी तपासावीत. गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक उद्भवला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. आपल्याकडे सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जवळ आहेत.

खेळताना प्रकाश भरपूर असावा, पाने मोठ्या अक्षरांची असावीत, जेवणाची व औषधाची वेळ चुकू नये आणि दर तासाला उठून चार पावले चालावे. चुकलेल्या ज्येष्ठास चारचौघांत टोकू नये.

गुरुजींच्या रक्तात ब-१२ फार कमी निघाले. कानही मंदावले होते. उपचार झाले, श्रवणयंत्र आले. काही महिन्यांनी ते पुन्हा बोली लावू लागले. प्रत्येकाचे असे होईलच, असे नाही. पण काकूंनी ते लक्षात आणून दिले नसते, तर मलाही कळले नसते. येत्या रविवारी आपल्या घरच्या ज्येष्ठांसमोर भिडू म्हणून बसा.