मजकूर सर्वांचा, अलंकार सामर्थ्यानुसार

कृष्णाकाठच्या वाई क्षेत्री प्राज्ञपाठशाळेने विद्याव्यासंगाची जी परंपरा रुजवली, तिच्यातूनच पुढे आलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. छापील खंडाचे रूप मुद्रणालयातून बाहेर पडतानाच कायम झालेले असते. मुंबईच्या ग्रंथालयात काय किंवा माण तालुक्यातील शाळेच्या कपाटात काय, त्याच्या पानावरील एक मात्राही जागची हलत नाही. हाच विश्वकोश महाजालावर आला तेव्हा ही निश्चिती संपली. कारण संकेतस्थळ मजकूर आणि मांडणीचे नियम तेवढे धाडते, पानाची प्रत्यक्ष जुळणी वाचकाच्या यंत्रातील ब्राउझर करतो, आणि तो ब्राउझर कालचा की दशकापूर्वीचा, हे ठरवण्याचा अधिकार संपादकाकडे उरत नाही.

देवनागरीला या अनिश्चितीची झळ विशेष लागली. युनिकोडने १९९१ मध्ये आपल्या लिपीसाठी १२८ स्थाने राखून ठेवली, तरी २००१ च्या विंडोज एक्सपीत भारतीय लिप्यांची तरतूद स्वतंत्रपणे बसवून घ्यावी लागे. ती नसेल तेथे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. आणि संगणकाच्या स्मृतीत व्यंजनानंतर साठवलेली ऱ्हस्व वेलांटी दाखवताना व्यंजनाच्या आधी न्यावयाची असते, हे ज्या यंत्रास ठाऊक नसे, त्याच्या पडद्यावर ती भलत्याच बाजूस पडे.

अशा स्थितीत संकेतस्थळाच्या रचनाकारापुढे दोन मार्ग दिसतात: जुन्या ब्राउझरांसाठी नव्या सोयींचा सरसकट त्याग करावा, अथवा नव्यांचाच अंगीकार करून जुन्या यंत्रांच्या वाचकांना वाऱ्यावर सोडावे. परंतु हाकॉन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये प्रस्तावित केलेल्या आणि १९९६ मध्ये प्रथम प्रमाणित झालेल्या सीएसएस या शैलीभाषेने तिसरा मार्ग आपल्या व्याकरणातच राखून ठेवला आहे. जो नियम ब्राउझरास समजत नाही, तो त्याने निमूटपणे वगळावा आणि पुढे वाचत जावे, असा तिचा दंडक आहे. त्यामुळे रचनाकाराने आधी साधा नियम लिहावा व त्याखाली नवा लिहावा; नवा ज्यास कळतो तो त्याचा अंमल करील, इतर पहिल्यावर समाधान मानतील. स्तंभ व ओळी यांची जाळीदार मांडणी करणारी ग्रिड ही पद्धती २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आली. तीही या रीतीने वापरली, तर जुन्या यंत्रावर तीच नोंद एका स्तंभात, वरून खाली, संपूर्ण वाचता येते.

या तत्त्वाचे सौंदर्य मराठी ल आणि श या अक्षरांत उत्तम दिसते. त्यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी असली, तरी युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराच्या दोन्ही वळणांस संकेतांक एकच आहे. पानाची भाषा मराठी असल्याची खूण रचनाकाराने संहितेत नोंदवली आणि टंकात दोन्ही वळणे असली, तर नवा ब्राउझर मराठी वळण निवडतो. जुना ती खूण दुर्लक्षितो व टंकातील मूळ वळण दाखवतो, परंतु शब्द अबाधित राहतो. हानी होते ती शोभेची, अर्थाची नव्हे.

हा उदारपणा सर्वत्र मात्र आढळत नाही. जावास्क्रिप्टच्या एखाद्या संहितेत अपरिचित वाक्यरचना आली, की जुना ब्राउझर ती सबंध संहिताच नाकारतो. म्हणून नोंदीचा मजकूर पडद्यावर आणण्याचे काम तिच्यावर सोपवणे अनुचित होय. मजकूर ज्यात बसतो त्या खोक्याची उंची ठरावीक ठेवण्याचा मोहही टाळावा. कारण संकल्पिलेला टंक न मिळून दुसरा आला, की त्याच्या वेलांट्या व उकार कापले जातात.

या सहिष्णुतेलाही मर्यादा आहे. सुरक्षित संपर्काचे जुने प्रकार भेद्य ठरल्यामुळे ज्या व्यवहारात पैसा वा खासगी माहिती गुंतलेली असते, तेथे कालबाह्य ब्राउझरास नकार देणे हेच वाचकाच्या हिताचे असते. इंटरनेट एक्सप्लोररची शेवटची आवृत्ती मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केली. तिच्यासाठी प्रत्येक नव्या सोयीची प्रतिकृती घडवीत बसण्यात श्रमांचा अपव्यय आहे. सर्वांना सारखेच रूप दिसावे हा आग्रह सोडावा. सर्वांना सारखाच मजकूर मिळावा हा आग्रह मात्र कदापि सोडू नये.

विश्वकोश हा शासनाच्या, म्हणजे पर्यायाने जनतेच्या, खर्चातून आणि विद्वानांच्या अनेक दशकांच्या परिश्रमांतून सिद्ध झाला. नवा फोन ज्यास परवडत नाही, त्याचाही त्यावर इतरांइतकाच हक्क आहे. म्हणून अशा प्रत्येक सार्वजनिक संकेतस्थळाची परीक्षा एकदा सारे शैलीनियम बाजूस काढून घ्यावी: शीर्षक, परिच्छेद, चित्रांची वर्णने आणि संदर्भांचे दुवे योग्य क्रमाने वाचता येत असतील, तर पाया पक्का आहे असे समजावे, आणि मगच आधुनिक कलेने त्यावर हवा तेवढा साज चढवावा.