जुनी मोटरसायकल घेतली, पण ब्रेक पाहिले का?

सभासद बंधूंनो, उसाचे बिल जमा झाले की गावोगाव जुन्या मोटरसायकली येतात. इंजिनाचा आवाज ऐकून सौदा होतो, ब्रेक कोणी उघडून पाहत नाही. आमचे सांगणे, आधी दोन्ही चाके खोलून घ्या. ड्रममधले लायनर झिजले असतील तर नवे शू बसवा. नुसती केबल ताणून भागत नाही. टायरला बाजूने भेगा असतील तर नक्षी शाबूत असली तरी तो बदलाच. रंग काय, मागाहून मारता येतो! गाळपात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यातच उभ्या असतात, म्हणून हेडलाइट लख्ख हवा. विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत आणि आर.टी.ओ.चा ३० दिवसांत द्यावा.